नळाची भरती

माझा जन्म पडावात झाला. पडाव म्हणजे माल नेणारी मोठी होडी. वडील खाडीतून कौलं वाहायचे आणि आमचं बिऱ्हाड होडीच्या मागच्या छपराखाली असायचं. दुसरं घर नव्हतं. रोज दोनदा आमची चूल माणूसभर वर चढायची आणि दोनदा खाली उतरायची. आम्हाला त्याचं कौतुक नव्हतं.

चौथीनंतर शाळा सुटली, पुढे लग्न झालं आणि ऐंशी सालानंतर मुलाच्या मागोमाग मी जयपूरला आले. मुलगा लष्करात डॉक्टर, घर खातीपुऱ्याकडे. नातीला मी पडावाच्या गोष्टी सांगायची. तिने त्या वर्गात सांगितल्या. घरी आली ती दप्तर फेकतच.

"आजी, सगळ्या म्हणतात मी झूठ बोलते. मतलब, घर वर-खाली कसं होईल?"

विहीणबाई, म्हणजे सुनेची आई, गणपतीसाठी आमच्याकडे आल्या होत्या. त्या लगेच म्हणाल्या, "पोरीला काहीबाही सांगता, मग तिची फजिती होते. रोज एवढं नवं पाणी येणार कुठून आणि जाणार कुठे?"

मला कुणी खोटारडी म्हटलेलं खपत नाही. "गणपतीच्या दिवशी तुमच्यासमोर घर तरंगवून दाखवते," मी म्हटलं.

"आणि बुडालं तर?"

"तर पुन्हा पडावाचं नाव काढणार नाही."

नातीने त्याच मुलींना आरतीला बोलावून टाकलं. आता माघार नव्हती.

अंगणात सिमेंटची टाकी होती. नळाचं पाणी सकाळ-संध्याकाळ यायचं, मधल्या वेळात आम्ही ते उपसायचो. म्हणजे भरती-ओहोटी घरातच होती, फक्त इतके दिवस तिच्याकडे कुणी तसं पाहिलं नव्हतं. मखरातून उरलेल्या थर्माकोलचं मी घर केलं. नातीने ते रिकाम्या टाकीत सुतळीने तळाच्या विटेला घट्ट बांधलं, पळून जाऊ नये म्हणून. नळ आला, पाणी चढलं, घर जागचं हललं नाही. छप्परसुद्धा पाण्याखाली गेलं. थर्माकोल बुडत नाही, पण दोरीने खाली धरून ठेवल्यावर तो काय करणार?

दुसऱ्या दिवशी मी दोरी सैल सोडली. पाणी उतरल्यावर घर भरकटत नळाखाली गेलं आणि नळ आला तेव्हा सगळी धार छपरावर. विहीणबाई हसून म्हणाल्या, "पडाव असाच बुडायचा का हो?"

"पडावात आई होती," मी म्हटलं. पाणी चढायला लागलं की ती दोर सैल करायची, उतरायला लागलं की आवळायची. इथे टाकीवर दिवसभर कोण बसणार? मग मी मुलाकडून दोन लांब सळया उभ्या करून घेतल्या आणि घराच्या दोन बाजूंना पडद्याच्या कड्या लावल्या. कड्या सळईवरून वर-खाली सरकणार, पण घर बाजूला जाणार नाही.

सळया टाकीच्या काठाच्याही वर आल्या होत्या. विहीणबाईंना ते आवडलं नाही. "गणपतीसमोर हे बांधकामाचं सामान कशाला? कापा की."

मी कापू दिल्या नाहीत. रोजच्या भरतीच्या मापाने खांब उभे केले की एखाद्या दिवशी घर वाहून जातं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं, तेव्हा पाणी नेहमीची खूण ओलांडतं. अष्टमीला भांग, म्हणजे लहान भरती, पाणी जेमतेम हलतं. तिथीची पाऊणपट केली की आमच्या खाडीत भरतीची वेळ निघायची. वेळ मला ठाऊक होती, कारण ठाऊक नव्हतं. ते मुलाने सांगितलं: चंद्र पाण्याला ओढतो, सूर्यही थोडं ओढतो, आणि दोघं एका रेषेत आले की उधाण. पाणी नवं येत नाही, इकडचं तिकडे सरकतं. हे मी विहीणबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "जयपुरात समुद्राचं काय काम?"

"स्टेशनच्या पाटीवर समुद्रापासूनची उंची लिहिलेली असते, ती कशाला? भरती आणि ओहोटी यांच्या मधली पातळी धरून मोजलीय ती."

त्यांना ते पटलं नव्हतं.

चतुर्थीला सकाळी मी थर्माकोलच्या घरात एक काडेपेटी ठेवली. संध्याकाळची आरती हिच्यानेच होईल, असं सगळ्यांसमोर सांगितलं. दिवसभर पाहुण्यांसाठी पाणी उपसलं, घर तळाशी टेकलं. संध्याकाळी मुली आल्या आणि नळही आला. खाडीला चतुर्थीचं उधाण नसतं, पण जयपूरच्या नळाला तिथी कुठली? एरवी करंगळीएवढी धार, त्या दिवशी धो धो. टाकी भरली, काठावरून अंगणात सांडायला लागली. घर कड्यांसकट चढत चढत काठाच्या वर आलं. वर सळई अजून वीतभर शिल्लक होती. कापल्या असत्या तर घर अंगणात वाहून गेलं असतं.

"ऊपर आ गया!" मुली ओरडल्या. वर्गात जी सगळ्यात जास्त हसली होती, तिला नातीने हाताला धरून पुढे ओढलं. "देख ना, हात लगाके देख!"

मी विहीणबाईंना म्हटलं, "काडेपेटी तुम्हीच काढा. माझ्यावर भरवसा नाही ना."

त्यांनी पदर खोचला, वाकून पेटी काढली, बोटांनी चाचपली. काडी ओढली. पहिल्याच झटक्यात पेटली. निरांजन लावून त्या म्हणाल्या, "कोरडी आहे हो."

"मग आरती सुरू करा. काडी बोटापर्यंत आली."