मालकाच्या वतीने

"काका, आपण पॅन्ट्रीत बसा. नियमाचं काही निघालं तर चिठ्ठी पाठवतो."

आमचे संचालक हे सर्वांसमक्ष म्हणाले. परदेशी कंपनीचे दोन पाहुणे दारातच उभे होते. त्यांतल्या एकाने माझ्यापुढे हात केला होता. संचालकांनी हसत हसत तो हात आपल्या हातात घेतला आणि इंग्रजीत सांगितले, "हे आमचं चहापाण्याचं पाहतात."

मी चहापाण्याचे पाहत नव्हतो. मी कायद्याचा पदवीधर होतो. हडपसरच्या एका कारखान्यात एकवीस वर्षे कार्मिक विभागात काढली होती. कारखाना बंद पडला तेव्हा शेवटच्या कामगाराचे कागद त्याच्या हाती देऊन मगच मी फाटकाबाहेर पडलो आणि या संचालकांच्या संगणक कंपनीत लागलो.

हे मुद्दाम लिहितो. त्या संगणक कंपनीच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत माझ्याविषयी चार ओळी छापल्या आहेत: काका जुन्या वळणाचे, परदेशी कामाची पद्धत त्यांना मानवली नाही, एका प्रसंगी भावनेच्या भरात बोलून गेले आणि पुढे स्वेच्छेने निवृत्त झाले. जुने सहकारीही हेच सांगत फिरतात. पत्नी गेल्यापासून कोथरूडच्या दोन खोल्यांत मी एकटा राहतो. फोन वाजला तर बहुधा चुकून वाजतो. अशा माणसाविषयी काहीही छापावे, तो उत्तर देणार नाही, असा त्यांचा समज असावा.

व्यवस्था अशी होती. परदेशी कंपनीला पुण्यात माणसे हवी होती, पण इथे कचेरी थाटायची नव्हती. म्हणून कागदोपत्री मालक आम्ही. पगारपत्रक आमचे, भविष्यनिर्वाह निधीचे खाते आमचे, रजेचे नियम या देशाचे. काम मात्र त्यांचे आणि हुकूमही त्यांचा. नेमणूकपत्राचा मसुदा मी केला होता. प्रत्येक नेमणूकपत्राखाली 'मालकाच्या वतीने' सही असे, तीही माझीच. संचालकांची नव्हे. उद्या कामगार खात्याचा निरीक्षक आला, तर त्याला कुणाचे नाव सापडावे, हे त्यांनी आधीच ठरवले होते. मला तो मान वाटला. ही चूक माझी.

माझ्या मुलाखतीत संचालकांनी आडनाव विचारले, मग गाव, मग गावातली वस्ती. पुढे काही विचारलेच नाही. डबा खायला मी टेबलाशी बसलो की दोन डबे उचलले जात. कुणी काही बोलत नसे. पुण्यात बोलावे लागत नाही.

तर त्या दिवशी मी पॅन्ट्रीत. चहा करणाऱ्या शेवंताबाईंच्या ट्रेमधून चिठ्ठ्या येत-जात होत्या. सणाच्या सुट्ट्या किती? नोटिशीची मुदत किती? मी दोन ओळी लिहून देई. काचेपलीकडच्या बैठकीच्या खोलीत संचालक त्या आपल्याच म्हणून वाचत आणि पाहुणे माना डोलावत.

"साहेब, परीक्षा तुमी देताय आन पास त्ये हुत्यात," शेवंताबाई म्हणाल्या.

"आपण चहा ओता," मी म्हणालो. मला राग आला होता. कारण त्या खरे बोलल्या होत्या.

मग पाचवी चिठ्ठी आली. अक्षर संचालकांचे. "वैशाली. सातवा महिना. क्लायंटला नको आहे. राजीनामा कसा घ्यावा? दोन ओळी."

वैशाली यवतमाळकडची. प्रोग्रॅम तपासण्याचे काम करी. त्याच आठवड्यात बाळंतपणाच्या रजेचा अर्ज तिने माझ्याकडे दिला होता. "काका, परत आल्यावर माझी जागा राहीन ना?" तिने विचारले होते. मी हो म्हटले होते.

राजीनामा कसा घ्यायचा, हे मला ठाऊक होते. सांगायला हवी ती गोष्ट हीच. तिच्याआधी तिघांना मी असेच दोन-दोन ओळींत घरी पाठवले होते. त्यांच्या राजीनाम्यांतला 'स्वखुशीने' हा शब्द चिठ्ठीतून माझ्याच अक्षरात आत गेला होता. हातात पेन धरून मी बसलो आणि पहिल्यांदा स्पष्ट दिसले. ज्याला टेबलाशी खुर्ची नाही, त्याच्याच अकलेने हे लोक दुसऱ्यांच्या खुर्च्या काढून घेत होते. माझा अपमान पॅन्ट्रीत बसवल्याने झाला नव्हता. तिथे बसून मी लिहीत राहिलो, त्याने झाला होता.

"लिवायचं न्हाई का?" शेवंताबाईंनी विचारले.

"नाही."

मी बैठकीच्या खोलीचे दार उघडून आत गेलो. बसलो नाही, दारही लावले नाही. कारखान्यातल्या खडबडीत इंग्रजीत बोललो, ते असे: "वैशालीबाईंच्या नेमणूकपत्रावर मालकाच्या वतीने माझी सही आहे. त्या गरोदर आहेत म्हणून त्यांना काढता येणार नाही. या देशाचा कायदा तसे करू देत नाही. खोटा राजीनामा मी घेणार नाही."

पाहुण्याने संचालकांना विचारले, "यांना अधिकार आहे?"

संचालकांना "हो" म्हणावे लागले.

"मग दुसरा सही करणारा शोधा," पाहुणा म्हणाला आणि त्याने घड्याळ पाहिले. स्मरणिका काहीही म्हणो, मी भावनेच्या भरात बोललो नव्हतो. कायदा वाचून बोललो होतो. आणि पाहुण्यांना माझा मुद्दा पटला, असेही काही झाले नाही.

जागेवर जाऊन मी रजा मंजूर केली, नोंदवहीत चढवली आणि प्रत वैशालीच्या हातात दिली. तिने आधी आजूबाजूला पाहिले. "काका, सगळ्यांसमोर माझं नाव कशाला घेतलंत?" एवढेच म्हणाली. त्या दिवसापासून कचेरीत माझ्याशी कुणी बोलले नाही. नऊ दिवसांनी माझे पद रद्द झाले. माझी स्वेच्छा ती हीच.

वैशाली रजेनंतर कामावर परतली, असे कानावर आले. मला कधी भेटली नाही. माझी तशी अपेक्षाही नव्हती. खोटे कशाला लिहू? होती.

तिच्याआधीच्या तिघांची नावे मला पाठ आहेत. एकाचा पत्ता हाती लागला आहे, स्वारगेटच्या मागच्या बाजूचा. उद्या सकाळी तिथूनच सुरुवात करणार. माफी मागायला जाणार नाही. त्यांनी ती द्यावी असे मी काही केलेले नाही. तुमच्या राजीनाम्यातला 'स्वखुशीने' माझा होता, तो खोटा होता आणि तसे कुठेही लिहून द्यायला मी तयार आहे, एवढे सांगणार. आत बोलावले तर बसून सांगेन. दार लावून घेतले, तर दाराबाहेर उभा राहून सांगेन.