जोडाच्या कडेचा ठसा

आमच्या देवका वहिनींची गोष्ट सांगायची तर आधी लांबरोटीची सांगावी लागेल, आणि ज्याने आमच्याकडची लांबरोटी खाल्ली नाही त्याची मला कीवच येते. पातळसर कणीक दोन्ही हातांवर झुलवत झुलवत वाढवायची आणि पालथ्या घातलेल्या तापल्या मडक्यावर अशी अंथरायची, की तिला सुरकुती पडता कामा नये आणि खाली हवाही राहता कामा नये. भाजली की अलगद उचलायची. वहिनी हे माहेराहून, आष्टीहून, शिकून आल्या होत्या. पुलगावात कोणाकडे कार्य निघालं की त्यांना बोलावणं यायचंच. मी त्यांचा धाकटा दीर, त्यामुळे न मोजता खाण्याची मोकळीक मला होती आणि ती मी कधी वाया जाऊ दिली नाही.

माझा मोठा भाऊ रूपराव, म्हणजे आमचा दादा, वेल्डर होता. साधासुधा नव्हे. खिडक्यांच्या ग्रिला जोडणाऱ्याला कोणी त्याच्यासमोर वेल्डर म्हटलं तर त्याचं तोंड वाकडं व्हायचं. देवळीच्या पुढे एका कारखान्याचं स्वतःचं वीजघर आहे. नाव सांगत नाही, कारण माझ्या दुकानातून त्यांना बल्ब आणि वायर जाते. तिथे बॉयलरकडून टर्बाइनकडे वाफ नेणारा जाड पोलादी पाइप १९८८ साली उभारला, तेव्हा त्याचे काही जोड दादाने केले. आत पाचशे अंशांच्या वरची वाफ आणि तिचा प्रचंड दाब. त्यातला टर्बाइनच्या डोक्यावरचा एक जोड दादाचा फार लाडका. लग्नाच्या पंगतीत शेजारी कोण बसलंय हे न पाहता तो त्या जोडाची कहाणी सुरू करायचा आणि जिलेबी येईपर्यंत ती संपायची नाही.

अशा पाइपाची एक खोड असते. पोलाद वर्षानुवर्षं तापत आणि दाब सोसत राहिलं की हळूहळू ताणलं जातं. बाहेरून पाहाल तर सगळं ठणठणीत. आत मात्र पोलादाच्या कणांच्या मधे सुईच्या टोकाहून बारीक भोकं पडू लागतात. ती वाढली की एका रांगेत येतात, आणि रांगेची पुढे चीर होते. ती फुटली तर खाली उभ्या असलेल्या माणसाचं काही उरत नाही. म्हणून अधूनमधून वीजघर बंद ठेवून जोडांचे ठसे घेतात. पाइपाची जागा घासून घासून आरशासारखी करायची, वर जरासं तेजाब फिरवायचं, मग औषधाने ओली केलेली पातळ फिल्म चिकटवायची. वाळली की उचलायची. पोलादाच्या अंगावरचं सगळं त्या फिल्मवर उतरतं आणि मायक्रोस्कोपखाली दिसतं.

हे काम करायला नागपूरहून प्रेमदास नावाचे गृहस्थ यायचे आणि आमच्याकडे जेवायचे. १९९६ साली त्यांच्या मदतनिसाला कावीळ झाली. जेवताना ते दुसरं काही बोलेचनात. नवीन माणूस फिल्म लावतो तर तिला सुरकुत्या पडतात, खाली बुडबुडे राहतात आणि बुडबुड्याखालचं काही दिसत नाही. वहिनी वाढता वाढता ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, करून पाहू का. प्रेमदासांनी अंगणात लोखंडाच्या एका तुकड्यावर दाखवलं, मग वहिनींनी केलं. पहिल्या दोन फिल्मा बिघडल्या, तिसरी सरळ बसली. दादाने चार दिवस तोंड फुगवलं. बायको बॉयलरच्या मचाणावर चढणार म्हटल्यावर गल्लीत काय बोलतील, ही त्याची चिंता. गल्ली बोलली, थकली आणि दुसऱ्या विषयाकडे वळली.

पुढे सात वर्षं वहिनी ठसे घेत राहिल्या. साडीवर खाकी सदरा, डोक्यावर पिवळं हेल्मेट आणि अंगाला नेलपॉलिश काढायच्या औषधाचा वास. मी चिडवायचो, "वयनी, नखं तं रंगवत नाई, मंग वास कायचा येते?" त्या फिल्म लावण्याआधी हातातल्या छोट्या मायक्रोस्कोपातून घासलेली जागा पाहायच्या. हळूहळू त्यांची नजर बसली. कोणतं पोलाद अजून ताजं आहे आणि कोणतं विरत चाललंय हे त्यांना कळू लागलं. पण दादाच्या त्या लाडक्या जोडाचा ठसा घेण्याची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

ती २००३ साली आली. प्रेमदास निवृत्त झाले होते आणि त्यांच्या जागी हर्षा मॅडम म्हणून धातूंचं शिकलेल्या बाई येत होत्या. हुशार, मोजकं बोलणाऱ्या. नेमका त्याच वर्षी, दादा ज्या देखभालीच्या कामावर होता, तिचा ठेका भैयाजी नावाच्या नव्या ठेकेदाराकडे गेला आणि त्याला माणसं कमी करायची होती. त्याने सरळ सांगून टाकलं, ज्याचा जोड तपासणीत खराब निघेल त्याला मोठ्या पाइपांवरून काढून फाटकं आणि कठडे जोडायला लावू. दादाने पन्नाशी ओलांडली होती. त्याच्यासाठी फाटकं जोडणं म्हणजे काय, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तो झोपेतसुद्धा कूस बदलत राहायचा, असं वहिनी म्हणायच्या.

दादाच्या जोडावर तीन जागी ठसे घ्यायचे होते. वरची आणि बाजूची जागा चांगली निघाली. तिसरी पाइपाच्या पोटाखाली होती. तिथे मचाणावर उताणं पडून काम करावं लागतं. वहिनींनी जागा घासली, मायक्रोस्कोप लावला, आणि जोडाच्या अगदी कडेला त्यांना ती बारीक काळी भोकं दिसली. एक नाही, दोन नाही, रांग धरलेली. त्या तशाच पडून राहिल्या. मग त्यांनी फिल्म लावली.

संध्याकाळी हर्षा मॅडमनी तो ठसा पाहिला तर नेमका कडेलाच बुडबुडा. वहिनींच्या हातून बुडबुडा, याचं मॅडमनाही नवल वाटलं. पण उताण्या पडून केलेलं काम, त्यात वीजघर लवकर चालू करा म्हणून वरून तगादा. बाकीच्या दोन जागा स्वच्छ होत्या, म्हणून त्यांनी जोड ठीक धरला.

दादा घरी आला तो हवेतच. मला जेवायला बोलावलं आणि वडाभात करायला सांगितलं. जेवताना पुन्हा पहिल्यापासून जोडाची कहाणी. मीही कंटाळल्याचं न दाखवता ऐकत होतो, कारण वडे उत्तम झाले होते. वहिनींनी मात्र स्वतःचं ताट घेतलंच नाही. दादाने विचारलं, का बसत नाहीस. तेव्हा त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, तिथूनच बोलल्या.

"तो बुडबुडा आपोआप नाई आला. मी येऊ देल्ला. खाली भोकं हायेत."

दादाचा घास हातातच राहिला. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर वहिनींनी हातानेच मला थांबवलं. दादा उठला, ओसरीवर गेला आणि आमच्याकडे पाठ करून बसला. त्याला राग आला होता. पण कोणावर, हे त्याचं त्यालाही कळत नसावं. बायकोने त्याच्यासाठी खोटं केलं होतं, आणि आता तीच ते खोटं उघडं करत होती. मला दोघांचीही फार दया आली. वहिनी त्याच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. त्याने मान न वळवताच विचारलं,

"भोकं कुठी हायेत? माया भरावात का?"

"नाई. भरावाच्या बाजूले, पाइपाच्या अंगात. ठिगळ टिकते अन् कडेचं कापड विरते ना, तसं."

 खरं तर एवढ्यावर दादा समाधान मानू शकला असता. भराव, म्हणजे जोडात वितळवून भरलेलं पोलाद, त्याचा होता, तो शाबूत होता, आणि ठशाची गोष्ट फक्त आम्हा तिघांना ठाऊक होती. पण त्या पाइपाखालून रोज माणसं जातात आणि दुपारी तिथेच बसून डबा खातात. तोही तिथेच खायचा.

"सकाळी माझ्यासंग चाल," तो म्हणाला. "मॅडमले सांगू."

दुसऱ्या दिवशी काय झालं ते मला दादाने सांगितलं. वहिनींनी हर्षा मॅडमना जसं होतं तसं सांगितलं. मॅडमचा चेहरा उतरला. त्या ओरडल्या नाहीत. या खेपेला वीजघर बंद झाल्यापासून तुम्ही घेतलेले सगळे ठसे आता आपण दोघी पुन्हा घेऊ, एवढंच त्या म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं वहिनींना वाटलं. पुढचे कितीतरी दिवस दोघी खांद्याला खांदा लावून मचाणावर पडून होत्या. बाकी सगळे ठसे आधीसारखेच निघाले. शेवटच्या दिवशी मॅडमनी आपल्या डब्यातली अर्धी पोळी वहिनींपुढे केली, तेव्हा कुठे वहिनींचा जीव भांड्यात पडला.

दादाच्या जोडाची भोकं मात्र खरी होती. मॅडमनी सगळ्यांसमोर समजावून सांगितलं, की वेल्डिंग करताना कडेच्या ज्या पट्टीला नुसती धग लागते, पण जी वितळत नाही, ती जरा नरम पडते. वर्षं उलटली की आधी तीच थकते. यात वेल्डरचा दोष नाही, पण एवढा भाग कापून नवा जोडावा लागेल. भैयाजी समोरच होता. दादाने त्याला स्वतःच विचारलं, मी फाटकांवर कधीपासून जाऊ.

भैयाजी त्याच्याकडे आणि वहिनींकडे पाहत राहिला. "काऊन जाता?" तो म्हणाला. "ज्याच्या घरचंच माणूस त्याचा जोड नापास करते, त्याच्यावर पाळत ठेवाले मी आणखी कोणाले ठेवू?" तरी तो व्यवहाराला चोख होता. नव्याने परीक्षा दे म्हणाला. दादाने चाचणीचा तुकडा जोडला, त्याचा एक्स-रे काढला गेला. निकालाची तीन दिवस वाट पाहावी लागली. दुकानात मी एका गिऱ्हाइकाला पंख्याऐवजी मिक्सर बांधून दिला. चौथ्या दिवशी निकाल आला आणि दादा पास झाला.

मग त्याने स्वतःच्या हाताने आपला लाडका जोड कापून काढला. कापताना तो एकदाही थांबला नाही, असं सोबतचे सांगतात. नवा तुकडा बसवला, आधी तापवून घेतला, थरावर थर देत जोडला. त्याला ठरलेला शेक दिला आणि सावकाश निवू दिला. नव्या जोडाचाही पहिला ठसा घेऊन ठेवतात, म्हणजे पुढे त्याच्याशी ताडून पाहता येतं. ते काम अर्थातच वहिनींचं होतं. तो दिवस पाहायला मीही बल्बांची खोकी पोचवायचं निमित्त काढून गेलो होतो.

वहिनी मचाणावर चढल्या, पाइपाखाली उताण्या पडल्या आणि त्यांनी जागा घासायला घेतली. दादा खाली उभा होता. हेल्मेट काढून काखेत धरलेलं, मान वर केलेली.

"नीट पाह्यजो," तो म्हणाला. "माया जोड हाय म्हणून सोडू नको."

"एकडाव सोडला होता," वरून आवाज आला. "घशाखाली घास नाई उतरला."

दादा हसला. मग वहिनींनी फिल्म लावली आणि ती वाळेपर्यंत आम्ही तिघंही तिथेच थांबलो.