काठाला पुरेल एवढा दोरा

गोल टेबलक्लॉथला दोरा किती लागेल, याचा अंदाज काढता येतो. मला तो येतो. तरी मला खोटं पाडलं गेलं, म्हणून हे लिहायला घेतलं. राग आवरून लिहावं असं आधी वाटलं होतं. तसं दोनदा लिहूनही पाहिलं, पण ते माझं वाटेना.

आमचं घर कळंब्याच्या पुढं. शेती आणि म्हशी. घरात दहावीच्या पलीकडं गेलेली मी पहिली, कोल्हापुरात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. यंदा चुलत बहिणीचं लग्न ठरलं आणि रुखवताची गडबड सुरू झाली. आमच्या घरची एक रीत आहे. मुलीच्या रुखवतात क्रोशाचा एक मोठा गोल टेबलक्लॉथ मांडतात, आणि तो घरातल्या सगळ्या बायकांनी मिळून विणायचा असतो. मधलं फूल नवरी करते. मग एकेक जण आपापले फेरे घालते. शेवटचा काठ मात्र जिचा हात सगळ्यांत चांगला, तिचा.

आमच्यात चांगला हात काकूचा. काकू म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांची बायको, माहेर कुरुंदवाडचं. मला साखळी आणि खांब हे क्रोशाचे टाके तिनंच शिकवले. चुलते वारले त्याला काही वर्षं झाली. काकू तेव्हापासून आमच्यातच आहे. म्हशींचं, स्वयंपाकाचं, सगळं बघते.

मी रोज शहरात जाते म्हणून दोरा आणायचं माझ्यावर आलं. रंग ठरला मोतिया. दुकानदारानं आधीच बजावलं, "ताई, मोतिया न्यायचा तर एकदम सगळा न्या. पुढच्या लॉटला रंग जुळंलच असं न्हाय." म्हणजे अंदाज चुकून चालणार नव्हता.

मी आणि काकूनं तो बसून काढला. प्रत्येकीकडून एकाच सुईनं, मोजून तेवढ्याच टाक्यांचा, तळहाताएवढा चौकोन विणून घेतला. शेजारी चांदीकाम चालतं, त्यांच्या बारीक काट्यावर एकेक चौकोन तोलला. टाके सारखेच, पण आईचा हलका भरला आणि मोठ्या आईचा जड. मोठी आई म्हणजे नवरीची आई, थोरली चुलती. घरात शब्द तिचा चालतो. चौकोन मागायला गेले तेव्हा ती हसली.

"परीक्षा घेतीस व्हय गं आमची?"

"परीक्षा न्हाय, मोठी आई. हात सैल असला की दोरा जास्त जातोय, म्हणून बघायलोय."

"सैल म्हणं! या हातानं जलमभर म्हशी पिळल्या."

सगळ्याजणी हसल्या, मीही हसले. तेव्हा सगळं चांगलं चाललं होतं.

गोल कामात माणूस एका ठिकाणी फसतं. मधून काठापर्यंत निम्मं अंतर विणून झालं की निम्मं काम झालं असं वाटतं. प्रत्यक्षात दोरा पावच गेलेला असतो. मी वहीत वर्तुळं काढून काकूला हे समजावून सांगायला लागले, तर ती म्हणाली, "भाकरी थापतीस न्हवं? निम्म्याच्या वर पीठ काठाकडंच असतंय." त्यामुळं काठ कुणाच्या हातचा, यावर सगळं अवलंबून होतं. काकूचा हात घट्ट आणि एकसारखा. काठ तिचा धरून आम्ही दोरा ठरवला, वर एक गुंडा जादा घेतला.

टेबलक्लॉथ घरभर फिरला. मधले फेरे झाले. काठाची वेळ आली तेव्हा दुपारी सगळ्या पुढच्या सोप्यात बसल्या होत्या. काकू हात पुसत आली आणि तिनं सुईसाठी हात पुढं केला. मोठ्या आईनं टेबलक्लॉथ आपल्या मांडीवर ओढून घेतला.

"काठ मी करतो."

"अक्का, काठ माझ्याकडं हाय न्हवं?"

"तू दोरा गुंडाळून दे. झाल्यावर खळ घालून दे. काठ सवाष्णीनं करायचा असतोय, धाकटे. पोरीच्या संसाराचं हाय. मनाला लावून घेऊ नको."

काकूनं हात मागं घेतला. पदराला पुन्हा पुसला. तो कोरडाच होता.

याच मोठ्या आईनं ग्रामसभेत, विधवांच्या बाबतीतल्या जुन्या रीती बंद करायचा ठराव झाला तेव्हा, हात वर केला होता. टाळ्याही वाजवल्या होत्या. मी शेजारीच बसले होते. घरात याच काकूच्या हातची भाकरी चालते, धार चालते, बाळंतिणीला तिचा शेक चालतो. चालत नाही तो फक्त दिसणारा हात. हे मला तिथंच म्हणायचं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "मोठी आई, दोरा काकूच्या हाताच्या हिशोबानं धरलाय. तुला पुरायचा न्हाय."

"पुरतोय. जादा गुंडा आणलाईस की."

पुरला नाही. जादा गुंडाही संपला आणि काठाचा वीतभर तुकडा उघडा राहिला. लग्न तोंडावर आलं होतं. मी कॉलेज बुडवून दुकानात गेले. दुकानदारानं नव्या लॉटचा मोतिया दाखवला, मी सोबत नेलेला आमच्या दोऱ्याचा तुकडा त्याच्यावर ठेवला. नवा पिवळट होता. रस्त्यावर उन्हात नेऊन पाहिला, तर जास्तच पिवळा. तशीच परत आले.

घरात पाहुण्या बायका आल्या होत्या. त्यांच्यासमोर मोठी आई म्हणाली, "कालेजात जाऊन एवढा हिशोब येईना व्हय? आम्ही अडाणी बऱ्या."

एक जण म्हणाली, "पुस्तकातलं येगळं असतंय बाई." बाकीच्या हसल्या. आई माझ्याकडं न बघता लसूण सोलत राहिली.

मला चारचौघांत बोलता येत नाही; वर्गात उत्तर येत असलं तरी माझा हात अर्धाच वर जातो. पण त्या दिवशी मी उभी राहिले. "हिशोब चुकला न्हाय. हात बदलला. काठ उसवून काकूकडं द्या, दोरा पुरंल आणि वर उरंल." आवाज चिरकला, पण वाक्य पुरं झालं.

मोठी आई स्वयंपाकघराकडं तोंड करून म्हणाली, "धाकटे, मागल्या खोलीत बसून तेवढं करून दे गं. पोरीनं केलं म्हणून सांगू."

पोरीनं म्हणजे मी.

काकू दारात आली. "करतो की," ती म्हणाली, "पर मागं न्हाय. हितं सोप्यात बसून करतो. येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघू दे."

दुसरा उपाय नव्हता, म्हणून मोठी आई गप्प बसली. मला ती गप्प बसली याचा आनंद झाला नाही. दोरा पुरला असता तर काकूला कुणी विचारलं असतं का? मी काठ उसवला. उसवलेला दोरा कुरळा होतो; काकूनं तो खुर्चीच्या पाठीला गुंडाळून ओला केला, वाळवला, आणि भर उजेडात उंबऱ्याशी बसून सगळा काठ घातला. जादा गुंड्यातला दोरा खरंच उरला. मुठीत मावेल एवढा. मी तो मोठ्या आईच्या समोर ठेवला. तिनं बघितलं न बघितल्यासारखं केलं, तेव्हा मीच तो उचलून ठेवला.

लग्न शहरातल्या कार्यालयात होतं. रुखवताच्या टेबलावर तो टेबलक्लॉथ अंथरला, वर लाडू-करंज्यांची ताटं मांडली. मुलाकडच्या एक म्हाताऱ्या बाई चष्मा सावरत वाकल्या आणि काठ बोटानं चाचपत म्हणाल्या, "कुणाचा गं हा हात?"

"घरातल्या सगळ्यांचा," मोठी आई म्हणाली.

"सगळ्यांचा असा एकसारखा येतोय व्हय?"

"काठ माझ्या काकूचा आहे," मी म्हणाले. जरा मोठ्यानंच झालं.

"कुठं हाय ती? बोलीव की, बघू दे."

"घरी. म्हशींपाशी ठेवलीय. तिला आणलं नाही."

मोठ्या आईनं माझा दंड धरला. त्या बाईंनी ते पाहिलं. त्या सरळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मग गाडी पाठवा की, पावणं. काय लांब हाय?"

मुलाकडचा शब्द. लगेच गाडी निघाली. मी घरात सांगितलं तर ते पुस्तकातलं, आणि अनोळखी बाईनं एकदा म्हटलं तर गाडी निघते. मला तिथं उभं राहवेना.

थोड्या वेळानं गाडी रिकामीच परत आली. मी बाहेर जाऊन काकूला फोन लावला.

"काकू, का आली न्हाईस?"

"अक्षता पडायच्या टायमाला बोलावत्यात व्हय कुणाला?" मागं म्हशीच्या साखळीचा आवाज येत होता. "तू जेव. आणि काठ कसा दिसतोय?"

"चांगला दिसतोय."

"झोळ पडला न्हाय न्हवं ताटाच्या वजनानं?"

"न्हाय."

"मग बास. आणि उरलेला दोरा कुठं ठेवलाईस?"

"माझ्या पर्समध्ये."

"असू दे. अक्काला देऊ नको."

आत अक्षतांसाठी सगळ्यांना बोलावत होते. मोठी आई दारातून माझ्या नावानं हाका मारत होती. मी लगेच गेले नाही.