नेपरव्हिलची गोलकी

तिसरी घंटा व्हावी आणि पडदा सावकाश वर जावा, तसं त्या रविवारी सकाळी मैदानावरचं धुकं वर गेलं. आधी दिसले गोलचे खांब. इंग्रजी एच अक्षरासारखे उंच, आडव्या दांडीखाली जाळं आणि दांडीच्या वर नुसतं आकाश. मग दिसलं ओलं गवत, त्यावरच्या चुन्याच्या रेघा, कडेला लाकडी बाकांच्या ओळी. बाकं जवळजवळ रिकामी. आणि जाळ्यासमोर एकटी उभी, निळी ट्रॅकपँट, पिवळी जर्सी, केसांचा घट्ट अंबाडा, मंगळसूत्र रुमालात बांधून बॅगेत ठेवलेलं, अशी चाळिशीला टेकलेली एक मराठी बाई. सुलेखा.

साल अठ्ठ्याऐंशी, महिना सप्टेंबर. शिकागोच्या दक्षिणेला आयरिश लोकांनी आपल्या खेळांसाठी राखलेलं हे मैदान. खेळाचं नाव गेलिक फुटबॉल. चेंडू पायानं मारायचा, हातानं झेलायचा, मुठीनं दुसऱ्याकडे द्यायचा. जाळ्यात गेला तर गोल, त्याचे तीन पॉइंट. दांडीच्या वरून, दोन खांबांमधून गेला तर एक पॉइंट. अर्धा तास खेळ, थोडी विश्रांती, पुन्हा अर्धा तास. संपलं.

आज बायकांची फायनल होती आणि सुलेखाची शेवटची मॅच. तिचा नवरा त्र्यंबक याला टेक्ससमध्ये, प्लेनोला नवी नोकरी मिळाली होती. नेपरव्हिलचं घर विकलं गेलं होतं, येत्या शनिवारी सामानाचा ट्रक दारात लागणार होता. जिंकावं असं तिला वाटतच होतं. पण त्याहून जास्त तिला एक गोष्ट हवी होती. त्र्यंबकनं आणि तेरा वर्षांच्या वीणानं त्या बाकावर बसून, एकदा, आपल्याला खेळताना बघावं. दोन उन्हाळ्यांत ते एकदाही आले नव्हते.

सुलेखा कोल्हापूरची. तिथं फुटबॉल म्हणजे पेठेची इज्जत. वडील तालमीच्या टीमचे जुने खेळाडू. तिघे थोरले भाऊ बोळात खेळायचे आणि धाकटीला गोलमध्ये उभं करायचे, कारण ती जागा कुणालाच नको असायची. "सुले, चेंडू सोडलास तर आज घरात घेणार नाही बघ!" अशी धमकी. तिनं चेंडू सोडला नाही. कोपरं फुटली, फ्रॉक फाटले, पण गोलकी म्हणून बोळात तिचं नाव झालं. मग बाराव्या वर्षी आईनं "आता बास" म्हटलं आणि ते तिथंच संपलं. त्याआधी शाळेत एकदा बाईंनी हौसेनं मुलींची मॅच ठेवली. वडील येतील म्हणून सुलेखानं वेण्यांना नव्या रिबिनी बांधल्या. वडील आले नाहीत. रात्री म्हणाले, "पोरी खेळत्यात तिथं बाप्यानं बघत उभं राहू नये. बरं दिसत नाही." त्यांच्या लेखी तो मुलींना दिलेला मान होता. सुलेखानंही तो मान म्हणूनच घेतला. फक्त त्या दिवशी अडवलेले चेंडू कुणाला सांगायचे, हे तिला कळेना. ते तसेच पोटात राहिले.

पुढे लग्न, अमेरिका, हॉस्पिटलच्या रक्त तपासायच्या लॅबमधली नोकरी. तिथल्या मराठी मंडळाच्या दरवर्षीच्या नाटकात त्र्यंबक नायक आणि सुलेखा विंगेत प्रॉम्प्टर. भूमिका त्याची, पण पाठ तिला. तो अडखळला की ओठ न हलवता तिनं शब्द पुरवावा, त्यानं तो टाळीला न्यावा. तिला कधी वाईट वाटलं नाही. कुणाचं अरंगेत्रम असो, कुणाच्या मुलाचं तबलावादन असो, पहिल्या रांगेत सुलेखा हजर.

मग हॉस्पिटलची पिकनिक झाली. सुलेखा साडी नेसून बटाटेवड्यांचा ट्रे मांडत होती आणि पोरांनी लाथाडलेला चेंडू सणसणत टेबलाकडे आला. तिनं ट्रे सोडला नाही. डाव्या हातानं चेंडू छातीशी ओढला आणि पदर सावरत परत फेकला. शेजारी नोरीन नावाची आयरिश नर्स उभी होती. ती हातातला वडा खायचा विसरली.

"हे कुठं शिकलीस?"

"भावांनी शिकवलं."

"आम्हाला गोलकीपर नाही," नोरीन म्हणाली. "गेल्या वर्षी माझ्या मावसबहिणीला उभं केलं होतं. ती चेंडू आला की डोळे मिटते."

अशी सुलेखा त्या टीममध्ये गेली. तिथं तिला एक गंमत कळली. आयरिश बाप्यांनाही बायकांची मॅच बघायची नसायची. ती पुरुषांच्या मॅचच्या आधी, सकाळी उरकून टाकायची. पुरुष आले तरी आत बारपाशी उभे. एखादा म्हातारा कुंपणाशी येऊन ओरडायचा, "पोरींनो, लवकर आटपा, खरी मॅच सुरू व्हायचीय!" नोरीन हसायची. "आमच्या गावात बायकांची मॅच लागली की सगळ्या बाप्यांना एकदम गुरांची आठवण यायची." स्वतःची मॅच झाली की याच बायका आत जाऊन पुरुषांच्या मॅचसाठी सँडविच करायच्या, चहा करायच्या, शेवटी भांडी विसळायच्या. म्हणून सुलेखा घरातून आठला निघायची ती संध्याकाळीच परत यायची.

त्र्यंबक वाईट माणूस नव्हता. पण त्याचा देव क्रिकेट. पुण्याहून भाऊ टेस्ट मॅचच्या कॅसेट धाडायचा आणि तो पाच-पाच दिवसांचा खेळ पुन्हापुन्हा बघायचा. त्या आठवड्यातही तेच चाललं होतं.

"अहो, रविवारी फायनल आहे."

"हं. हा बघ, हा बघ, काय कव्हर ड्राइव्ह!"

"हा तुम्ही मंगळवारी पण पाहिलात."

"क्लासिक आहे गं."

"येणार का रविवारी?"

त्र्यंबकनं मान खाजवली. "बायकांची मॅच मला नाही जमत बघायला, सुलेखा. तू चिखलात लोटांगण घालणार, कुणी अंगावर येऊन पडणार. ऑकवर्ड होतं यार."

"न बघताच?"

सोफ्यावरून वीणा म्हणाली, "मॉम, इट्स नॉट इव्हन रिअल फुटबॉल."

सुलेखा उठली आणि तिनं टीव्ही बंद केला. या घरात असं कधी झालं नव्हतं.

"फेब्रुवारीत बर्फ पडला," ती म्हणाली, "आणि तुमच्या नाटकाला तीनशेच्या जागी वीस टाळकी आली. आठवतंय? दोन दिवस धड जेवला नाहीत. कुणासाठी करायचं, कुणासाठी करायचं, एवढंच म्हणत होता. मी दोन उन्हाळे त्या वीस टाळक्यांसमोर खेळतेय. आणि त्यात माझं एकसुद्धा नाही."

हे वाक्य बरोबर लागलं. रिकाम्या खुर्च्यांचा घाव ज्यानं सोसलाय, त्याला तो दुसऱ्यांदा दाखवावा लागत नाही. त्र्यंबकनं हातातला रिमोट टीपॉयवर ठेवला.

"किती वाजता आहे?"

"अकराला. बरोबर अकराला हं."

"आलोच समज," तो म्हणाला. आणि मग त्याच्यातला नट जागा झाला. "नुसता येतोय काय? हाउसफुल करतो!"

त्यानं खरंच फोन फिरवले. मंडळाचे अध्यक्ष गुरुदत्तकाका, त्यांच्या पद्मिनीकाकू, आणखी चार कुटुंबं. सुलेखाताई चालल्या, निरोप मैदानावरच देऊ. पद्मिनीकाकूंनी मसालेभात अंगावर घेतला, कुणी जिलब्या, कुणी थर्मासभर चहा. मुलांनी चादरीवर रंगानं सुलेखाचं नाव लिहिलं. ठरलं की सगळ्यांनी त्र्यंबककडे जमायचं आणि एकत्र निघायचं. नव्या मैदानाचा रस्ता कुणी चुकायला नको. हे सुलेखाला सांगायचं नव्हतं. सरप्राइज होतं.

रविवारी गुरुदत्तकाकांनी एकदाच घड्याळ बघितलं. "अकराची मॅच ना रे? उशीर नाही ना व्हायचा?"

"काका, मॅच आहे. कुठं पळून जातेय?" त्र्यंबक म्हणाला. "सकाळी जाते ती संध्याकाळी येते. लंचपर्यंत पोचलो तरी अर्धा दिवस मिळतो."

त्यानं कधी विचारलंच नव्हतं. आणि मंडळाचा कुठला कार्यक्रम दिलेल्या वेळेला सुरू झाला होता? मसालेभाताला शेवटची वाफ यायची होती. सगळे पुन्हा एकेक कप चहा प्यायले.

इकडे अकराला शिट्टी वाजली.

पहिल्या अर्ध्या तासात सुलेखानं जे केलं, ते तिला स्वतःलाही पुढे नीट सांगता आलं नसतं. उजवीकडून मारलेला खालचा चेंडू तिनं गवतावर आडवी पडून बोटांनी बाहेर ढकलला. एक उंच चेंडू दांडीखाली उतरत असताना चार जणींच्या हातांवरून उडी घेऊन उतरवला. एकदा तर समोरची धिप्पाड पोरगी एकटीच चेंडू घेऊन धावत आली, तेव्हा ती पुढं सरसावून तिच्या पायांवरच कोसळली आणि चेंडू पोटाशी घेऊन उठली. कुंपणाशी उभा असलेला रोजचा म्हातारासुद्धा गप्प झाला. विश्रांतीला त्यांची टीम दोन पॉइंटनी पुढे होती. संत्र्याच्या फोडी खाताना सगळ्या हसत होत्या. सुलेखा फाटकाकडे बघत होती.

"येतील," नोरीन म्हणाली.

"येतील. रस्ता नवीन आहे," सुलेखा म्हणाली.

दुसऱ्या हाफमध्ये थोड्या वेळानं एक चॉकलेटी स्टेशन वॅगन फाटकातून आत वळली. त्यांच्या घरची होती तसलीच. सुलेखाचा चेहरा फुलला. ती जेमतेम क्षणभर तिकडे बघत राहिली. गाडीतून एक आयरिश आजोबा काठी टेकत उतरले. आणि मागं जाळं थरथरल्याचा आवाज आला.

गोल. तीन पॉइंट.

त्यानंतर तिनं फाटकाकडे बघितलं नाही. पुढचं सगळं अडवलं. पण दांडीवरून जाणारा चेंडू कुणालाच अडवता येत नाही आणि तसा एक गेला. त्या मॅच दोन पॉइंटनी हरल्या. कुणी तिला बोल लावला नाही. नोरीननं खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "चल, पावाला लोणी लावायचंय."

पुरुषांची मॅच सुरू झाली. सुलेखानं केस धुतले, मंगळसूत्र घातलं, सँडविचचा ट्रे घेतला आणि बाहेर आली.

बाकं भरली होती.

पहिल्या तिन्ही ओळींत आपली माणसं. काकूंची कांजीवरम, मांडीवर फॉइलनं झाकलेले डबे, पोरांच्या हातात तिच्या नावाची चादर. मैदानावरच्या आयरिश बाप्यांना मंडळाचे अध्यक्ष उभे राहून टाळ्या देत होते. त्र्यंबक तोंडाशी हात धरून ओरडत होता. "कमॉन! कमॉन!" आवाज थेट शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. सगळ्यांना वाटत होतं, ही आधीची मॅच. आता ही संपेल आणि मग तिची लागेल.

ती ट्रे हातात धरून उभी राहिली. हे तीसेक चेहरे एकदा डोळे भरून पाहून घ्यावेत, असं तिला वाटलं असावं.

"अगं, आलीस!" त्र्यंबक उड्या मारत खाली आला. "म्हटलं होतं ना हाउसफुल करतो! तुझी कधी आहे? ड्रेस कुठंय तुझा?"

"झाली."

"म्हणजे?"

"मॅच झाली. अकराला होती."

"झाली म्हणजे? अगं, आत्ता तर एक वाजतोय!" त्यानं मैदानाकडे पाहिलं, तिच्या ओल्या केसांकडे पाहिलं, मग कोपरावरच्या सालपटाकडे. "मॅच किती वेळ चालते ही?"

"तासभर."

तो काही बोलायला गेला. ओठ हलले, शब्द आला नाही. सवयीनं त्यानं तिच्याकडेच पाहिलं. आयुष्यभर तिथूनच शब्द आले होते. पण या प्रसंगाचा शब्द तिच्याकडेही नव्हता. गुरुदत्तकाकांनी टाळ्यांसाठी उचललेले हात खाली घेतले. चादरीचं एक टोक एका मुलानं सोडून दिलं.

पद्मिनीकाकूंनी डोळ्याला पदर लावला. "भात शेगडीवर होता गं पोरी. माझ्यामुळं झालं."

"छे हो काकू, तुमचं काय त्यात," सुलेखा म्हणाली. "गरम आहे ना अजून? मग वाढा. मला भूक लागलीय." तिनं स्वतःच फॉइल उघडलं, पानं मांडली, आधी मुलांना वाढलं. नोरीनला बोलावून जिलबी दिली. नोरीन त्र्यंबककडे बघत त्या गोलबद्दल काहीतरी सांगणार होती. सुलेखानं हळूच तिचा हात दाबला. नोरीन जिलबी खात राहिली.

वीणा बाजूला उभी होती. तिनं आईचं कोपर हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं, रक्त वाळलं होतं त्याच्या कडेनं बोट फिरवलं. मग तिनं खाली बघतच विचारलं, "मॉम, वेअर यू गुड?"

सुलेखानं भाताचा डाव खाली ठेवला.

"होते गं," ती म्हणाली. "पहिल्या हाफमध्ये फार चांगली होते."