तिजोरीची किल्ली जपानात

कुवेतच्या राई भागातल्या एका दुकानात बर्फात घालायच्या जाकिटांचा नवा, रबरी वास नाकात शिरला आणि माझं डोकं पुन्हा तापलं. काही वर्षांपूर्वी तिकडे रत्नागिरीत आई अत्यवस्थ झाली, तेव्हा कंपनीने ठेवून घेतलेला माझा पासपोर्ट इथे ऑफिसातल्या तिजोरीत होता आणि तिजोरीची एकुलती एक किल्ली साहेबांकडे, जपानच्या डोंगरात. ताज्या, भुसभुशीत बर्फावर स्कीइंग करायला ते दर हिवाळ्यात तिथे जायचे. मी फोन लावला. पलीकडे वारा घोंघावत होता, कुणीतरी खिदळत होतं. "सर, मदर सीरियस है, पासपोर्ट चाहिए." "अरे यार, आज ही तो मस्त पावडर गिरा है," साहेब म्हणाले, "संडे को आता हूँ ना." दुसऱ्या दिवशी बहिणीने फोन आईच्या कानाशी धरला. "कधी येतोस रे?" आईने विचारलं. "निघालोच," मी खोटं बोललो. त्याच संध्याकाळी ती गेली. साहेब परतले ते बर्फावरच्या उन्हाने छान रापून. तिजोरी उघडता उघडता म्हणाले, "सॉरी यार. अब तो जल्दी नहीं है ना?" पासपोर्ट मी त्यांच्या हातातून हिसकावून घेतला आणि पुन्हा कधीच दिला नाही. लोक म्हणतात, आता सोडून दे. का सोडू?