बैलांना दिलेलं आवतण

पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघांनी बैलांचे खांदे शेकले. आम्ही मिळून केलेलं शेवटचं काम तेच. मी वेसण धरून उभा होतो आणि ती तुपात हळद कालवून पळसाच्या पानानं बैलाच्या खांद्याला चोळत होती. जू ठेवून ठेवून तिथली कातडी जाड होते, केस उडतात. वर्षभर तिथं कोणी मायेनं हात लावत नाही, त्या एका दिवशी लावतात. तांबडा बैल गुमान उभा राहिला. बांडा मात्र मान हलवून हलवून तिच्या लुगड्याला तूप पुसत होता.

"धरा ना नीट," ती म्हणाली. "बैल धरून राहिले का बैलाले टेकून राहिले?"

"मंग तूच धर. मी चोळतो."

"तुमचं चोळणं म्हणजे वाखर. सालटं निंघन त्याचं."

चोळून झालं की बैलाच्या कानाशी तोंड नेऊन सांगायची आमच्याकडे रीत आहे, आज आवतण घ्या, उद्या जेवायले या. लग्नाचं आवतण माणसाला देतात तसंच. आमच्या घरात ते तीच सांगायची. लग्न होऊन आली त्या वर्षी माझ्या आईनं तिला सांगायला लावलं, तेव्हापासून. त्या दिवशी बांड्याच्या कानात तिनं जरा जास्तच वेळ लावला.

"त्याले काय वेगळं सांगून राहिली वं?"

"त्याले म्हटलं, पाहुणा हायस तर पाहुण्यासारखा जेव. मागच्या साली परात पालथी केली होती यानं."

आता हे मी कशाला लिहून राहिलो ते सांगतो. आमच्या शाळेतल्या गुरुजींना तहसिलीची माहिती गोळा करायची आहे. जुन्या माणसांनी आपापल्या हातानं लिहून द्या म्हणाले. मी तिसरीपर्यंत शिकलेलो. गावं किती, नद्या कोणत्या, हे त्यांच्याकडं आहेच. मला तहसील माहीत आहे ती एका रस्त्यापुरती, आणि तो रस्ता पोळ्याच्या दिवसाचा आहे. तो सोडून मला दुसरं लिहिता येत नाही.

आमचा मुलूख नागपूरच्या पूर्वेचा, मौद्याच्या अंगाचा. धानाच्या बांध्या, उंचवट्याला मिरची, खाली काळी माती. गाव तहसिलीच्या अगदी कडेला. गावाच्या मागून नाला जातो, नाल्यापलीकडं दुसरी तहसील. पलीकडचा सरकारी दवाखाना आमच्या घराच्या मागच्या दारातून दिसतो. अर्धा कोसही नाही. पण नाल्यावर पूल नव्हता. इकडचे साहेब म्हणत पूल तिकडच्यांनी बांधावा, तिकडचे म्हणत इकडच्यांनी. माझं लग्न झालं तेव्हाही हेच म्हणत होते आणि पोरगी कामठीला दिली तेव्हाही हेच. एकदा शेताच्या कामानं कचेरीत गेलो होतो, तिथं भिंतीवर तहसिलीचा नकाशा टांगला होता. बाबूला म्हटलं, आमचं गाव दाखवा. त्यानं रुळाचं टोक एका ठिपक्यावर ठेवलं. शेजारून निळी रेघ गेली होती, केसाएवढी. तो आमचा नाला. श्रावणात त्या रेघेत अख्खी बंडी वाहून जाते.

आमच्या तहसिलीचा दवाखाना आमच्यापासून तीन कोस. पांदण रस्ता, मध्ये तीन गावं. उन्हाळ्यात सायकलही जाते. श्रावणात बैलबंडीशिवाय काहीच जात नाही. गुरुजींनी एवढं ध्यानात ठेवावं, बाकीचं त्याच्यावरच आहे.

ही गोष्ट आणीबाणी उठल्यानंतरच्या सालांतली. पोळ्याच्या दिवशी सकाळी मी बैल धुवून आणले, शिंगांना रंग दिला. नागपूरच्या महाल बाजारातून आणलेल्या घुंगरमाळा घातल्या. ती पाट्यावर पुरण वाटत होती. वाटून झालं, परातीत काढलं, फडक्यानं झाकलं आणि भिंतीला टेकून बसली. मला वाटलं दमली. जवळ गेलो तर अंगाला घाम, डावा हात धरलेला.

"काय झालं वं?"

"छातीवर कोणी पाटा ठेवला वाटते. वायू असंन. बसू द्या जरा."

जरा बसून भागलं नाही. ओठ पांढरे पडायला लागले. मी मागच्या दारात गेलो. नाला दोन्ही काठ भरून चालला होता. पलीकडं दवाखान्याच्या ओसरीत कोणी तरी कपडे वाळत घालत होतं, तेही दिसलं. मी हाका मारल्या. पाण्याच्या आवाजात माझा आवाज मलाच ऐकू येईना.

परत येऊन मी बंडी ओढून काढली. जू उचललं. घुंगरांचा आवाज झाला तशी ती उठून दारापर्यंत आली, चौकट धरून.

"कोणाले जुंपून राहिले?"

"दवाखान्यात जाऊ."

"अजी, काल आवतण देल्लं म्या याहिले. ज्याले जेवायले बोलावलं त्याच्याच खांद्यावर जू ठेवता? पाहुणा दारात उभा, अन् त्याले म्हणू का, जेवण मंग, आधी माह्यं वझं वाहा?"

"मुक्या जनावराले काय समजते?"

"मले तं समजते ना."

शेजारचा आला. त्याची बायकोही आली, आम्ही तिला वयनी म्हणतो. मी शेजाऱ्याकडं पाहिलं. तो म्हणेल जुंप, असं वाटलं. तो म्हणाला, "भाऊ, बैल राहू दे. आपण माणसं हावो ना." पोळ्याला आमच्या गावात कोणी बैल जुंपत नाही. जुंपला म्हणून कोणी मारायला येत नाही, पण कोणाच्या हातून ते होतच नाही. जू माझ्या हातात होतं आणि हात वर जात नव्हता. कोणी विचारतात, बंडी नेली असती तर लवकर पोचली असती का? बंडीही चिखलात पावलापावलानंच चालते. मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही.

खाट उलटी केली, तिला दोर बांधले, दोन बांबू घातले. वर गोधडी टाकून तिला निजवलं. चार जणांनी उचललं. मी पुढच्या डाव्या बांबूला होतो.

"जितेपणीच चौघं जण लागले," ती म्हणाली. "वयनी, पुरणावर मांजर येईन, पाह्यजो."

चिखल पोटरीपर्यंत. पाय काढायचा, टाकायचा, पुन्हा काढायचा. बोलायला दम नव्हता. पहिल्या गावात शिरलो तर दारोदार सजवलेले बैल बांधलेले, पोरं त्यांना झुली घालून राहिलेली. पारावरची माणसं उठली. कोण, काय, काही न विचारता चौघांनी आमच्या खांद्यावरचे बांबू आपल्या खांद्यावर घेतले आणि त्यांच्या शिवेपर्यंत आणून सोडलं. दुसऱ्या गावात तसंच. त्या गावाशी आमच्या गावाचं कुरणावरून भांडण होतं, कचेरीत तारखा चालू होत्या. त्यातलाच एक जण माझ्या पुढं बांबू धरून चालला होता. त्या गावच्या एका म्हातारीनं खाट पाहून लांबूनच हात जोडले. माझ्या बायकोनं गोधडीतून हात काढला.

"अजून हावो मी, माय."

"चुकलं वं बाई!" म्हातारी म्हणाली आणि धावत येऊन तिच्या तोंडात गुळाचा खडा घातला.

तिसऱ्या गावात माणसं नव्हती. सगळे बैल घेऊन नदीवर गेले होते. तिथून पुढं आम्ही चौघंच. मघाशी खांदे बदलले म्हणून बरं वाटलं होतं, आता बांबू हाडात रुतायला लागला. वाटेत एकदा खाट खाली ठेवली. तिनं डोळे उघडले. माझ्या खांद्यावर सदरा फाटून कातडी सोलली होती, त्याच्याकडं पाहिलं.

"तुमालेच तूप लावाले पाहिजे होतं काल," ती म्हणाली. मग म्हणाली, "बैलाले पाणी दाखवलं का?"

"दाखवलं."

ते खोटं नव्हतं. मी सकाळीच पाणी पाजलं होतं. एवढं एक मला बरोबर सांगता आलं.

दवाखाना आला तेव्हा तिथं कंपाउंडर एकटा होता. डॉक्टर पोळ्याला आपल्या गावी गेलेले. कंपाउंडर धावत आला, नाडी पाहिली, छातीला नळी लावली, आत गेला, सुई घेऊन आला आणि ती तशीच हातात धरून उभा राहिला. पोरगेलाच होता. म्हणाला, "बाबा, नाही हो." त्याच्या हातून काही होण्यासारखं नव्हतं, माझ्याही नव्हतं. नागपूर तिथून पुढं कितीक कोस, आणि त्या दिवशी मोटार येणारच नव्हती. त्यानं आपल्या घरची चादर आणून दिली. आपणहून म्हणाला, "दगदगीमुळं झालं असंच काही नाही. घरीही झालं असतं. नागपुरातही झालं असतं." मी म्हटलं, "असंन बापा."

शेजारचा तिथूनच चिखल तुडवत कामठीला पोरीकडं सांगावा घेऊन गेला. जावई तिथं पॉवरलूमवर कामाला. त्याच्या जागी दवाखान्याचा चपराशी बांबूला लागला. परत येताना पुन्हा तीच गावं. तिसऱ्या गावची माणसं नदीवरून आली होती, त्यांनी खाट घेतली. दुसऱ्या गावची म्हातारी दारात उभी होती. या वेळी तिनं हात जोडले नाहीत, नुसतं तोंडाला पदर लावला.

आमच्या गावात पोळा भरला नाही. तोरण बांधलेलं होतं, ते सोडून घेतलं. गावात मयत असली की बैल आखरावर, पोळा भरतो त्या मोकळ्या जागेत, नेत नाहीत. आपापल्या घरी मुकाट्यानं नैवेद्य दाखवला लोकांनी. आमचे दोघं तसेच रंगवलेले, घुंगरं घातलेले, खुंट्याला उभे. चूल पेटणार नव्हती. पोरीची वाट पाहायची म्हणून तिला दुसऱ्या दिवशी न्यायचं ठरलं. बायका घरात बसल्या, पुरुष ओसरीत. बैलांसमोर मी धानाची तणीस टाकली. ती त्यांनी खाल्ली. काय करतील.

सकाळ झाली. बाहेर पोरं दारोदारी लावलेले पळसाच्या फांद्यांचे मेढे घेऊन गावाबाहेर टाकायला निघाली होती. दर वर्षी ओरडत जातात, इडापिडा घेऊन जा गे मारबत. त्या दिवशी आमच्या दारावरून जाताना गप झाली आणि पुढं जाऊन ओरडली. मी उठून आत गेलो. पुरणाची परात होती तिथंच होती, फडकं झाकलेलं. वयनीनं वर पाटा ठेवला होता मांजरासाठी. मी पाटा काढला आणि परात उचलली.

वयनी म्हणाली, "भाऊजी, सुतकात नैवेद्य नाई चालत. ठेवा ते. मी माह्या घरून पोळ्या आणते ना त्याहिले."

"आवतण तुमच्या घरचं नव्हतं," मी म्हटलं.

ती वाटेतून बाजूला झाली. मी गोठ्यात गेलो. पोळ्या मला लाटता येत नाहीत आणि चूल तर बंदच. नुसतं पुरण, तेही रात्र झालेलं. जरा आंबूस वास येत होता. आधी तांबड्याला हातानं खाऊ घातलं. मग बांड्यापुढं बसलो. कानात काय सांगायचं असतं ते मला माहीत होतं, पण ते आदल्या दिवशीचं. जेवायला बसवताना ती काय म्हणायची ते मी कधी नीट ऐकलं नव्हतं. म्हणून नुसतं म्हटलं, "जेव."

त्यानं मुसंडी मारली. मी परात गुडघ्यात दाबली, दोन्ही हातांनी काठ धरले आणि त्याचं चाटून होईपर्यंत धरून राहिलो. पालथी होऊ दिली नाही.