पाठ टेकली तर टेक्सास

नीलाचं सगळं आयुष्य लोकांचं रक्त काढण्यात गेलं. घाबरू नका, हॉस्पिटलातली नोकरीच होती ती. हात असा हलका, की सुई टोचली कधी न् निघाली कधी, माणसाला पत्ता नाही. नागपूरच्या उन्हातनं उठून न्यू जर्सीत आली, आयसेलिनला, त्याला झाली छत्तीस वर्षं. नवरा गेला त्याला सहा झाली. आता घरात एक ती, एक खिडकीतला माणसाएवढा कढीपत्ता. आणि चालत पाच मिनिटांवर दोन मैत्रिणी, शैला आणि मालिनी. शैला बोलून दमवणारी, मालिनी खाऊ घालून.

तर मागच्या हिवाळ्यात काय झालं, नीला कचऱ्याचा डबा रस्त्यावर ठेवायला गेली. पायात नवऱ्याचे बूट. दोन मोजे घालायची न् पुढं कागदाचा बोळा कोंबायची, तेव्हा कुठं पायात राहायचे. म्हणायची, चांगले बूट टाकवत नाहीत. गेली की सटकून! मनगट मोडलं.

झालं. लेक इला टेक्सासहून धावत आली, प्लेनोहून. एकुलती एक पोर, जीव तुटतो तिचा. पण तेव्हापासनं एकच धोशा लावला.

"आई, माझ्याकडे राहायला ये. प्लेनोला स्नो नाही. तुझी रूम रेडी आहे."

"अगं पण तिथं कोथिंबिरीची जुडी आणायची तरी हायवेवर गाडी घालावी लागते. मला हायवे जमत नाही."

"मी नेईन ना!"

"तू नेशील तेव्हा मी जायचं. म्हणजे मी पार्सलच की."

वर्षभर हेच. घर विकायला काढायच्या बाईला इलानं फोनसुद्धा करून ठेवला. मग यंदा संक्रांतीला आली, तेव्हा शैलानंच तोंड घातलं. म्हणाली, "आम्ही दोन दिवस कॅट्सकिलच्या डोंगरात जातोय, बर्फात चालायला. नीला पण येतेय. तूही चल. डोंगरावर पडली तर घेऊन जा टेक्सासला. नाही पडली तर तो विषय पुन्हा काढायचा नाही."

इलानं लगेच हात पुढं केला. "डील!"

नीलाला तर डोंगराचं काही माहीतच नव्हतं. तिनं शैलाला स्वयंपाकघरात ओढलं. "अगं बये, कधी ठरलं हे?"

"आत्ता."

शुक्रवारी निघाल्या चौघी. गाडी चालवायला इला. मागं सामान बघाल तर लग्नाचं वऱ्हाड! कुकर, मेतकूट, आल्याच्या चहाचे दोन थर्मास, गुळाच्या पोळ्यांचा डबा, तुपाची बरणी. आणि मालिनीची प्लास्टिकची चटई, लाल-हिरव्या मोरांची. ही चटई घेतल्याशिवाय मालिनी कुठं जात नाही. गणपतीला तीच, पिकनिकला तीच.

"मालिनी मावशी, आपण स्नोमध्ये जातोय," इला म्हणाली.

"मग? जेवायला काय उभ्यानं?"

शनिवारी पहिली छोटी टेकडी. इलानं सगळ्यांच्या बुटांना खालनं लोखंडी काटे बांधून दिले. नीलाच्या पायात तेच नवऱ्याचे बूट, त्यांना काटे बसेनात. एका बुटाचे दर दहा पावलांवर निघायचे. दहाव्याच पावलाला नीला घसरली, एका झाडाला मिठी मारली आणि मिठीतच हळूहळू खाली येत गुडघ्यावर टेकली.

"आई! धिस काउंट्स!"

"कशाला काउंट्स?" शैला कमरेवर हात ठेवून उभी. "गुडघा टेकला. देवापुढंही टेकतो आपण. त्याला कुणी पडली म्हणतं का?"

"मग पडणं म्हणजे काय ते सांगा."

शैलाचे वडील कोल्हापूरचे पैलवान. तिला नियम घरचेच. "पाठ टेकली की चीत. पाठ नाही टेकली, कुस्ती चालू."

इलाला पटलं. मग दिवसभर बघा कुस्ती! नीला वाकली, रांगली, मालिनीच्या जाकिटाला लोंबकळली, एकदा तर फतकल मारून बसली न् म्हणाली, "मी देखावा बघतेय." पण पाठ काही टेकली नाही. संध्याकाळी मेतकूट-भात खाताना अंग असं ठणकत होतं, की चमचा उचलताना आई गं म्हणायची. तरी गालातल्या गालात हसत होती. आणि अंथरुणावर पडल्यावर मात्र एकेक आठवत बसली. उद्या मोठा डोंगर. त्या बाईचा फोन, घराचा फलक, कढीपत्ता तर विमानात घेतच नाहीत.

रविवारी ऊन पडलं छान. मोठ्या डोंगराच्या अर्ध्यावर एक मोकळी, पांढरीशुभ्र उतरण. मालिनीनं जाहीर केलं, "भूक लागली." आणि टाकली ना चटई! बर्फावर, उतारावर, उन्हाकडं तोंड करून. तिघी बसल्या मांडी घालून. मधे डबा, बरणी, थर्मास. इला फोटो काढायला खाली गेली.

"मस्त! मालिनी मावशी, थोडं पुढे सरका!"

मालिनी सरकली. तिच्याबरोबर चटईही सरकली.

"अगं, काय होतंय?"

"कोण ढकलतंय?"

कोण ढकलणार! प्लास्टिकची चटई, खाली गुळगुळीत बर्फ, वर तीन बायकांचं वजन. निघाली की गाडी!

"तूप! तूप सांडेल!" मालिनी ओरडली.

"गोठलंय ते! तू कवळी सांभाळ!" शैला ओरडली.

नीलानं डबा पोटाशी धरला. मनात एकच, पाठ, पाठ, पाठ. बसली ताठ, शाळेतल्या पहिल्या बाकावर बसावं तशी. इला समोरनं "मूव्ह! मूव्ह!" करत बाजूला उडाली. तिच्या जवळनं तिघी अशा गेल्या की मोर नुसते उडत होते. खाली एक गोरा बाबा कुत्र्याला घेऊन चालला होता. त्याच्या पायाशी बर्फाचा ढिगारा होता, त्यात जाऊन वरात थांबली. बसलेलीच. तिघी मांडी घातलेल्या!

"आर यू लेडीज ओके?" तो बाबा म्हणाला.

मालिनीनं आधी कवळी चाचपली, मग नीलाच्या मांडीवरचा डबा उघडला. रथसप्तमी व्हायची होती अजून. म्हणाली, "तिळगूळ घ्या, गोड बोला." पोळी थंडीनं अशी कडक झालेली, की बाबानं दातात धरली न् तशीच ठेवली. कुत्र्यानं मात्र दोन खाल्ल्या.

इला धापा टाकत पोचली. "आई! यू फेल डाऊन अ होल माउंटन!"

"पडले कुठं? बसले होते. बसल्या बसल्या खाली आले."

"पुरावा," शैला म्हणाली. "नीले, वळ."

नीला वळली. कोटाच्या पाठीवर बर्फाचा कण नाही. कोरडी ठणठणीत! इलानं हात फिरवून बघितला. मग तो बाबा तोंडातली पोळी काढून विचारतो कसा, ही बर्फावरची घसरगाडी, स्लेड, कुठं मिळते? मालिनी म्हणाली, आमच्या आयसेलिनच्या देशी बाजारात, ओक ट्री रोडला.

आता पुढचं नीट ऐका हं. पायथ्याशी आल्या. बुटाचे काटे काढले. गाडी पंधरा पावलांवर. नीला खुशीत, हात हलवत चालली, आणि गाडीच्या दाराशी, सपाट जागेवर, धप्प! उताणी. पाठ, डोकं, टाचा, सगळं खाली. वर निळं आकाश. एक मोठा बूट पायातनं निघून गाडीखाली गेला.

शैलानं कपाळावर हात मारला.

नीलानं आकाशाकडं बघतच म्हटलं, "पडले गं इला. चीत." खोटं बोलायची नाही ती. रक्त काढतानाही पोरांना सांगायची, दुखणार आहे म्हणून.

इला खाली वाकली, लागलं नाही ना बघितलं. गाडीखालचा बूट काढला. आतनं कागदाचा ओला बोळा पडला. बराच वेळ तो बूट हातात धरून बसली.

"हे बाबांचे आहेत?"

"टाकवत नाहीत गं."

"आई, यांच्यात कोणीही पडेल. बाबा पण पडायचे." डोळे पुसले तिनं. मग शैलाकडं बघितलं. "शैला मावशी, डोंगरावर पडली तर, असं होतं ना आपलं?"

"होतं," शैला घाईघाईनं म्हणाली.

"हे पार्किंग आहे."

शैलानं टाळीच पिटली. मालिनी रडायला लागली न् रडत रडत सगळ्यांना पोळ्या वाटायला लागली.

घरी जाताना वाटेतच इलानं आईला नवे बूट घेऊन दिले, तिच्या मापाचे, खालनं दातेरी. बाबांचे बूट तिनं आपल्या बॅगेत घातले. म्हणाली, प्लेनोला स्नो नाही, तिथं सेफ राहतील.

पुढचा बर्फ पडला त्या सकाळी तिचा फोन आला. "आई, बूट घातलेस का?"

"घातले."

खरंच घातले होते. सोफ्यावर पाय वर घेऊन, चहा पीत बसली होती. कचऱ्याचा डबा ठेवायला शैला गेली होती.